भोसरी ते चाकण: कारखाना हलवताना घेतलेल्या प्रकल्प व्यवस्थापन सेवेचे परीक्षण

भोसरी एमआयडीसीतील भाड्याच्या गाळ्यांमधून चाकण औद्योगिक क्षेत्रातील स्वतःच्या भूखंडावर यंत्रशाळा हलवण्यासाठी आमच्या कंपनीने पुण्यातील एका छोट्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार संस्थेची सेवा घेतली होती. नव्या शेडमध्ये उत्पादन आता सुरळीत चालू आहे आणि त्या सेवेचे मोल शांतपणे तपासता येईल इतका काळही मध्ये गेला आहे. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही, कारण अशा सेवेचा दर्जा फलकावरच्या नावापेक्षा साइटवर प्रत्यक्ष येणाऱ्या दोन-तीन माणसांवर आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीवर ठरतो. ती पद्धत कशी होती, कोठे उपयोगी पडली आणि कोठे कमी पडली, हे कळले तर वाचकाला हीच अपेक्षा कोणत्याही संस्थेपुढे ठेवता येईल.

आमचे काम वाहन उद्योगासाठी सुटे भाग मशिनिंग करून देण्याचे आहे. आमच्या आकाराच्या कारखान्यांत बांधकामाची रीत साधारण ठरलेली असते. आर्किटेक्ट नकाशे देतो, ठेकेदार बांधतो, विजेचे काम तिसरा माणूस करतो आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडण्याचे काम मालक संध्याकाळी उत्पादनाची धावपळ संपल्यावर फोनवरून करतो. त्यामुळे वेगळ्या व्यवस्थापन सल्लागाराला पैसे कशासाठी द्यायचे, हा प्रश्न आमच्या भागीदारांनी विचारला आणि तो रास्तच होता. शुल्क बांधकाम आणि विद्युतकाम यांच्या एकत्रित खर्चाच्या सुमारे दोन टक्के पडले. काम संपल्यानंतरचे माझे स्पष्ट मत असे आहे की हे पैसे सत्कारणी लागले, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे या संस्थेने ठेकेदारांइतकेच लक्ष मालकावर ठेवले.

हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. करार झाल्यानंतर संस्थेने वेळापत्रक दिले, ते अपेक्षितच होते. त्यासोबत आणखी एक तक्ता आला, ज्यात केवळ आम्ही घ्यायच्या निर्णयांची यादी होती आणि प्रत्येक निर्णयासमोर तो घेण्याची शेवटची तारीख लिहिलेली होती. त्या तारखेनंतर तोच निर्णय घेतला तर काय काय पुन्हा करावे लागेल, हेही एका ओळीत नमूद केले होते. क्रेन किती टनांची हवी, हे शेडच्या स्तंभांचे डिझाइन कारखान्यात जाण्यापूर्वी ठरले पाहिजे, कारण क्रेनचा भार त्या स्तंभांच्या ब्रॅकेटवर येतो आणि पुढे क्षमता वाढवायची म्हटली तर स्तंभ आणि पाया दोन्ही तपासावे लागतात. तपासणी कक्षातील सीएमएम, म्हणजे भागांची मापे अचूक मोजणारे यंत्र, कोठे बसणार, हे लादी ओतण्यापूर्वी ठरले पाहिजे, कारण त्या कक्षाचे तापमान मोजमापासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या २० अंश सेल्सिअसच्या जवळ राखायचे असते आणि शेजारच्या जड यंत्रांचा कंप तेथे पोहोचू द्यायचा नसतो. काँप्रेसर शेडच्या आत की बाहेर, कूलंटची टाकी एकत्र की यंत्रागणिक वेगळी, कामगारांचे स्वच्छतागृह कोणत्या बाजूला, असे अनेक प्रश्न त्या यादीत होते. यांतील एकही प्रश्न नवा नव्हता. तो कधीपर्यंत मोकळा ठेवता येतो आणि कोणत्या दिवशी त्याची किंमत वाढू लागते, ही माहिती मात्र आम्हाला यापूर्वी कोणीही लेखी दिलेली नव्हती.

प्रकल्प रखडला की दोष बहुधा ठेकेदाराच्या माथी मारला जातो. परंतु आमच्या परिसरातील कारखान्यांची बांधकामे मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी ठेकेदार मालकाच्या होकाराची वाट पाहत बसलेला होता. मालक त्या वेळी चालू उत्पादनात गुंतलेला असतो, ग्राहकाचा फोन येत असतो, आणि नव्या शेडच्या दरवाज्याची उंची हा विषय पुढच्या आठवड्यावर जातो. आपला सल्लागार दर सोमवारी तो तक्ता समोर ठेवून, पूर्ण आदर राखून, पण न चुकता विचारत राहिला तर ही ढकलाढकल होत नाही. आमच्याकडे येणारी साइट अभियंता वयाने लहान होती, तरी बैठकीत ती सर्वात आधी मालकाच्या नावापुढील कामे वाचत असे. सेवेतील सर्वांत मौल्यवान भाग हाच, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

विजेच्या जोडणीत याचा लाभ सर्वांत ठळक दिसला. उच्चदाब जोडणी घ्यायची तर महावितरणकडे अर्ज, जागेची पाहणी, अंदाजपत्रक, कोटेशनची रक्कम भरणे, लाइनचे आणि मीटरिंगचे काम, आणि विद्युतभारित करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकांची तपासणी व मंजुरी, असा क्रम असतो. यातील कोणतीही पायरी आधीची पायरी सोडून घेता येत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेल ही दुकानातून उचलून आणण्याची वस्तू नाही. ऑर्डर दिल्यावर ती बनवावी आणि तपासावी लागते. सर्वसाधारण समज असा असतो की आधी शेड उभी राहू द्यावी, मग विजेचे पाहू. संस्थेने पहिल्या बैठकीतच यंत्रांची यादी, प्रत्येक यंत्राचा जोडभार आणि पुढील दोन वर्षांत वाढणारी यंत्रे मागितली, आणि पायाचे खोदकाम चालू असतानाच अर्ज दाखल करायला लावला. शेडवर पत्रे चढले तेव्हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या चौथऱ्यावर येऊन बसलेला होता. शेड तयार आहे, यंत्रे आली आहेत आणि वीज नाही म्हणून जनरेटरवर डिझेल जाळत उत्पादन काढावे लागते, ही अवस्था चाकण-तळेगाव पट्ट्यातील अनेक उद्योजकांना परिचित आहे. डिझेलच्या त्या एका खर्चाशी सल्लागाराचे शुल्क ताडून पाहावे, असे मी सुचवेन.

परवानग्यांच्या बाबतीतही असेच घडले, मात्र त्याबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. एमआयडीसीकडून बांधकाम नकाशाची मंजुरी, अग्निशमन विभागाचा तात्पुरता आणि नंतर अंतिम ना-हरकत दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्वीची आणि उत्पादनापूर्वीची संमती, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून कारखान्याच्या नकाशाची मंजुरी आणि परवाना, हे सर्व आमच्या नेहमीच्या सल्लागारांनीच केले. प्रकल्प व्यवस्थापकाने फक्त कोणता कागद दुसऱ्या कोणत्या कागदावर अवलंबून आहे, ते एका पानावर काढून भिंतीवर लावले. ते पान अजूनही आमच्या कार्यालयात आहे.

यंत्रे हलवण्याचा टप्पा मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे, कारण येथे बांधकाम आणि व्यवसाय एकमेकांत मिसळतात. वाहन उद्योगातील पुरवठादाराने उत्पादनाची जागा बदलली की ग्राहकाला आधी कळवावे लागते आणि नव्या जागेवर तयार झालेल्या भागांची मंजुरी, म्हणजे उद्योगात ज्याला पीपॅप म्हणतात ती, पुन्हा घ्यावी लागते. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्रही त्या त्या जागेशी बांधलेले असते. पत्ता बदलला म्हणून ते आपोआप नव्या शेडला लागू होत नाही. यंत्र बंद करण्याच्या दिवसापासून नव्या जागेवरचे भाग मंजूर होईपर्यंत ग्राहकाच्या असेंब्ली लाइनला माल मिळत राहिला पाहिजे, आणि तो माल स्थलांतरापूर्वीच तयार करून ठेवावा लागतो. तो साठा करायचा तर जास्तीचा कच्चा माल हवा, जादा पाळी हवी आणि खेळते भांडवलही हवे. म्हणजे यंत्र ट्रेलरवर चढण्याच्या कितीतरी आधी बँकेशी बोलणे आवश्यक होते.

या साखळीतील प्रत्येक गोष्ट आमच्या गुणवत्ता विभागाला माहीत होती, कच्च्या मालाची बाजू खरेदी विभागाला माहीत होती आणि बँकेची बाजू लेखापालांना. व्यवस्थापकाने या तिघांना एका टेबलाशी बसवून प्रत्येक यंत्रासाठी उलट्या दिशेने तारखा काढल्या: ग्राहकाची मंजुरी कधी हवी, म्हणून नमुने कधी तयार व्हायला हवेत, म्हणून यंत्र कधी बसले पाहिजे, म्हणून त्याचा पाया कधी ओतला गेला पाहिजे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या वयावर मोजली जाते, तेव्हा पायाची तारीख पुढे सरकली की शेवटी ग्राहकाची तारीख सरकते, हे त्या टेबलावर सर्वांना एकाच वेळी दिसले. कामांच्या साखळीतून सर्वांत लांब आणि म्हणून सर्वांत नाजूक मार्ग शोधण्याची ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या कामातून आकाराला आली. कारखाना देखभालीसाठी बंद ठेवण्याचा काळ कमी करणे हा तिच्या सुरुवातीच्या उपयोगांपैकी एक होता. आमचा प्रश्न जातकुळीने तोच होता: यंत्र कमीत कमी काळ बंद राहिले पाहिजे. त्यामुळे सगळी यंत्रे एकदम हलवण्याचा पहिला बेत रद्द झाला. ज्या भागांसाठी दोन यंत्रे उपलब्ध होती त्यांतील एक आधी हलवले, त्यावरील नमुने मंजूर करून घेतले आणि मगच दुसरे सोडवले.

पुण्याच्या दिनदर्शिकेचा विचार या संस्थेने ज्या बारकाईने केला, त्याचे मला विशेष कौतुक वाटते. पाऊस जूनमध्ये येणार हे सर्वांनाच ठाऊक असते, पण भरावाचा मुरूम थराथराने दाबून घेण्याचे काम आणि आतील रस्ता मेअखेर पूर्ण झाला नाही तर काळ्या मातीत ट्रेलर फसतो आणि पुढचे दोन-तीन महिने कोणतेही जड सामान आत येत नाही, हा त्याचा परिणाम वेळापत्रकात क्वचितच लिहिलेला दिसतो. येथे तो लिहिलेला होता. होळीला आणि छठपूजेला उत्तर भारतातील कामगार गावी जातात, दिवाळीत सगळेच जातात, गणपतीत कोकणातले फिटर आठवडाभर दिसत नाहीत. ज्या आठवड्यांत हे घडणार होते, त्या आठवड्यांत मनुष्यबळावर अवलंबून असलेली कामे मुळातच ठेवली नव्हती. आणि ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते तेव्हा आकुर्डी, दिघी आणि शहराकडे येणाऱ्या रस्त्यांवरील जड वाहतूक वळवली जाते, म्हणून त्या दिवसांत यंत्रांची कोणतीही वाहतूक ठेवू नये, अशी नोंद वेळापत्रकात कित्येक महिने आधी केलेली होती. पुण्यात राहणाऱ्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. तरीही पालखीच्या दिवशी मोशीच्या अलीकडे ट्रेलर अडकून क्रेनचे भाडे चालू राहिल्याच्या कथा आमच्या उद्योजक मित्रांकडून मी ऐकलेल्या आहेत.

सगळे काही ठरल्याप्रमाणे झाले, असे मात्र नाही. छताखालची क्रेन उशिरा आली. पुरवठादार फोनवर काम चालू असल्याचे सांगत होता आणि आपल्याकडे बहुतेक जण तेवढ्यावर विश्वास ठेवतात. व्यवस्थापकाचा नियम असा होता की ज्या वस्तूवाचून पुढचे काम अडते, ती वस्तू बनताना डोळ्यांनी पाहायची. त्याप्रमाणे त्यांचा माणूस पुरवठादाराच्या कारखान्यात गेला, तेव्हा गर्डरच्या प्लेट्स अजून कापल्याही गेलेल्या नव्हत्या. त्या भेटीने क्रेन लवकर आली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. परंतु ती वेळेवर येणार नाही हे आम्हाला सव्वा महिना आधी कळले, आणि त्या अवधीत यंत्रे उतरवण्यासाठी भाड्याची हायड्रा, म्हणजे चाकांवर फिरणारी क्रेन ठरवता आली, तिला आत फिरता यावे म्हणून एका बाजूची भिंत मागाहून बांधण्याचे ठरले आणि यंत्रांचा क्रमही बदलता आला. हीच बातमी आम्हाला ट्रेलर फाटकात उभा असताना मिळाली असती तर परिणाम वेगळा झाला असता. अडचण टाळता येत नसेल तेव्हा ती लवकर कळवणे, एवढी अपेक्षा मी आता प्रत्येक व्यवस्थापकाकडून ठेवीन.

या सेवेचे मूल्यमापन करण्यात एक खरी अडचण आहे. जे घडले नाही त्याची पावती कोणी देत नाही. जनरेटरचे डिझेल जळले नाही, ग्राहकाची लाइन थांबली नाही, पायाचे बोल्ट चुकीच्या जागी ओतले गेले नाहीत, यातील किती श्रेय सल्लागाराचे आणि किती आमच्या लोकांचे किंवा नशिबाचे, हे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे मी हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. मुदत कर्जाच्या मंजुरीपत्रात हप्ते सुरू होण्याचा महिना ठरलेला असतो. बँक सहसा शेड तयार होण्याची वाट पाहत नाही. नव्या जागेत उत्पादन सुरू होण्यापूर्वी हप्ता सुरू झाला तर तो जुन्या जागेच्या कमाईतून, जुन्या जागेचे भाडे भरत असताना, द्यावा लागतो. एमआयडीसीच्या भूखंडावर ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण न केल्यास मुदतवाढीचे शुल्क भरावे लागते, ते वेगळे. आमच्या आकड्यांनुसार दोन महिन्यांचा उशीर झाला असता तर दुहेरी भाडे, व्याज आणि जादा पाळ्यांचा खर्च मिळून सल्लागाराच्या संपूर्ण शुल्काहून अधिक झाला असता. दोन महिन्यांचा उशीर ही आमच्या क्षेत्रात अपवादाची गोष्ट नाही. एवढ्या आधारावर मी या शुल्काला योग्य म्हणतो; त्याहून मोठा दावा करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

आता उणिवांकडे वळतो. पाक्षिक अहवाल फार लांब असत, इंग्रजीत असत आणि त्यातील छायाचित्रांची पाने वगळली तर उपयोगाचा मजकूर दोन पानांत मावला असता. ठेकेदाराचा मुकादम आणि आमचा शेड पर्यवेक्षक हे दोघेही मराठीत वाचणारे. त्यांच्यापर्यंत तो अहवाल कधीच पोहोचला नाही, आणि साइटवर जे कळायला हवे ते तोंडी सांगण्यावरच राहिले. संगणकावर काढलेले मूळ वेळापत्रक शेकडो ओळींचे होते आणि ते संस्थेबाहेरील कोणालाही वाचता येत नव्हते. पुढे त्यांनी येत्या तीन आठवड्यांची कामे एका कागदावर देण्यास सुरुवात केली, तेव्हा ठेकेदारांनी वेळापत्रक खऱ्या अर्थाने वापरायला घेतले. ही पद्धत पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सर्व ठेकेदारांशी चांगले परिचित झालेली साइट अभियंता कामाच्या मध्यावर दुसऱ्या प्रकल्पावर पाठवली गेली. तिच्या जागी आलेला अभियंता मेहनती होता, पण निर्णयांच्या यादीतील प्रत्येक ओळीमागील चर्चा त्याला ठाऊक नव्हती आणि काही गोष्टी आम्हाला पुन्हा सांगाव्या लागल्या. सल्लागार संस्थेची गुंतवणूक माणसांत असते हे मान्य, परंतु ग्राहकही त्याच माणसांसाठी पैसे मोजत असतो. खर्चावरील नियंत्रणातही त्यांचे काम मध्यम दर्जाचे वाटले. वेळेबाबत ते जितके आग्रही होते, तितके ते ठेकेदाराने सादर केलेल्या जादा कामाच्या बिलांबाबत नव्हते. ती बिले आमच्या लेखा विभागाने स्वतंत्रपणे तपासली आणि त्यांत कपातही केली. शुल्क बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरवले की खर्च कमी करण्यात सल्लागाराला स्वतःचा लाभ उरत नाही, त्यामुळे अशा करारापेक्षा ठरावीक मासिक मानधन मला अधिक योग्य वाटते.

ही सेवा प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणणार नाही. चालू शेडला एक खोली जोडायची असेल किंवा एकच ठेकेदार सर्व काम करणार असेल, तर अनुभवी पर्यवेक्षक पुरेसा आहे. जेथे तीनपेक्षा अधिक ठेकेदार एकमेकांवर अवलंबून आहेत, चालू उत्पादन थांबवता येत नाही आणि मालकाला रोज साइटवर जाणे शक्य नाही, तेथे मात्र सल्लागार घ्यावा, आणि तो आर्किटेक्टचे नकाशे पक्के होण्यापूर्वी घ्यावा. पायाचे काम झाल्यावर नेमलेला सल्लागार बहुतांश वेळ झालेल्या गोष्टींची नोंद करण्यातच घालवतो. निवड करताना त्यांच्या कार्यालयातील सादरीकरणापेक्षा त्यांच्या मागील एखाद्या प्रकल्पाचा निर्णयांचा तक्ता आणि बैठकीची टिपणे दाखवायला सांगावी. त्या टिपणांत मालकाच्या नावापुढे एकही काम लिहिलेले नसेल, तर ती संस्था आपल्याला पुढचा धोका सांगण्याचे धाडस करील की नाही, याबद्दल मला शंका वाटेल.

आमच्या भूखंडावर दुसऱ्या टप्प्यातील शेड पुढील वर्षी बांधायची आहे आणि त्यासाठी आम्ही याच संस्थेशी बोलणी केली आहेत. या वेळी शुल्क मासिक आहे, अहवाल दोन पानांचा आणि मराठीत असेल, जादा कामाचे प्रत्येक बिल त्यांच्या मोजमापाच्या सहीशिवाय आमच्याकडे येणार नाही, आणि साइट अभियंत्याचे नाव करारात लिहिलेले असून आमच्या संमतीशिवाय तिला बदलता येणार नाही. शेवटच्या अटीवर संस्थेने काही दिवस विचार केला आणि ती मान्य केली.